कल्याणच्या पुढची गाडी

डोंबिवली (पूर्व)
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय बबी,

तुझा डिसेंबरातला बेत वाचला आणि आधी हसूच आलं. भावाकडे वासिंदला राहणार, दातांचं काम ठाण्यात करून घेणार आणि 'रोज लोकलने जाऊन येईन, त्यात काय एवढं!' बाई गं, तू इथून गेलीस तेव्हाचं वासिंद डोक्यात ठेवून बोलते आहेस. तेव्हा आपण बिर्ला कॉलेजला जाताना खिडकीवरून भांडायचो. आता भांडण दारातल्या दांड्यासाठी असतं.

कागदावर वासिंद ते ठाणे तासाभराचा रस्ता आहे, तोही धड तासाचा. पण तासाचा हिशेब गाडीत पाय ठेवल्यावर सुरू होतो. आधी गाडी यायला हवी, ती वेळेवर यायला हवी आणि शहाड सोडल्यावर कल्याणच्या सिग्नलला ताटकळत उभी राहायला नको. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी जमल्या तर तुझी वहिनी देवाला साखर ठेवते.

वासिंद, आसनगाव, खर्डी म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर भातखाचरं येत असतील. ती आहेत अजून. पण त्यांच्या बांधाला लागून आता सात-सात मजली इमारती आल्यात. डोंबिवलीत घर परवडेना म्हणून लोक टिटवाळ्याला गेले, टिटवाळा परवडेना म्हणून खडवली-वासिंदला आणि आता आसनगाव, आटगावच्याही पुढे सरकतायत. बिल्डरांच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं ठसठशीत लिहिलेलं असतं. स्टेशनवर गाडी किती मिनिटांनी येते, ते लिहीत नाहीत.

खरी मेख रुळांत आहे. मुंबईहून कल्याणपर्यंतच्या बऱ्याचशा पट्ट्यात आता सहा मार्गिका आहेत. ठाणे-दिव्यामधली पाचवी-सहावी रखडत रखडत अखेर फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाली. एवढ्याशा, जेमतेम नऊ किलोमीटरच्या तुकड्याला एका तपाहून जास्त काळ लागला. पण कल्याणला फाटे फुटतात, एक कर्जतकडे आणि एक कसाऱ्याकडे आणि पुढे दोन्हीकडे उरतात दोन-दोनच मार्गिका. त्या दोन रुळांवर कोण कोण धावतं पाहा: नाशिक, भुसावळ, नागपूर, उत्तर प्रदेश, बंगाल, सगळीकडच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या, घाट चढवून परत येणारी इंजिनं आणि या सगळ्यांच्या मधूनमधून आपली लोकल. एखादी उत्तरेकडची गाडी उशिरा आली की तिला आधी काढतात आणि आसनगावची लोकल बाजूला उभी. वरचा अधिकारी म्हणेल, लांबून आलेल्या माणसाला आणखी किती थांबवायचं? त्याचंही खरंच आहे. पण रोजच्या रोज थांबायचं कोणी, हे मात्र कायमचं ठरून गेलंय.

कल्याण-कसारा तिसरी मार्गिका मंजूर होऊन दीड दशक होत आलं. अंतर सुमारे ६७ किलोमीटर. कुठे जमीन मिळत नाही, कुठे वनखात्याची परवानगी अडते, कुठे मोबदल्याचा वाद चालतो. मधल्या काळात त्याच शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेलासुद्धा! सातशे एक किलोमीटर, नागपूरपासून आमणेपर्यंत. शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा यंदा ५ जूनला खुला झाला. जमीन त्यालाही लागली, जंगल, डोंगर, बोगदे सगळं त्यालाही आडवं आलं. मला मोठ्या रस्त्याचं वाकडं नाही. पण खर्डीच्या फलाटावर उभं राहून लोकलची वाट बघणाऱ्या माणसाला तो डोंगरातला चकचकीत रस्ता ऐकवला की तो काय म्हणत असेल, ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

तुला एक मौज सांगते, तुझ्या माहेरच्या अभिमानाची. ठाण्यापर्यंत पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पुढच्या वर्षी ती कल्याणला आली. त्यानंतर १ ऑक्टोबर १८५५ला कल्याण-वासिंद सुरू झालं आणि आसनगावपर्यंत रूळ पोचायला १८६० उजाडलं. म्हणजे मधली चार-सव्वाचार वर्षं या अंगाला रेल्वे तुझ्या वासिंदला येऊन संपायची! त्या काळात घाटाकडचा माल बैलगाडीने वासिंदपर्यंत येऊन आगगाडीत चढत असणार. १८६१च्या पहिल्या तारखेला कसारा जोडलं गेलं आणि चार वर्षांनी थळघाट चढून इगतपुरी. सदतीसात एकचा चढ, आजही मागून जादा इंजिनं लावल्याशिवाय गाडी वर जात नाही. हे सगळं पहारी-घमेल्यांनी झालं. कुणी म्हणेल, तेव्हा जमिनीचा मोबदला कोण मागत होतं आणि मजूर किती मेले त्याची मोजदाद कोण ठेवत होतं? बरोबर आहे, आणि त्या रीतीने आज काम होऊ नये हेही बरोबर. पण सातबाऱ्यावरची भांडणं सोडवायला दीड दशक लागत असेल तर दुखणं रेल्वेचं नाही, तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंतच्या टेबलांचं आहे.

दोनच मार्गिका असल्या की काय होतं, ते तुझ्या भावाच्या घराजवळच दिसलं होतं. २९ ऑगस्ट २०१७ला सकाळी वासिंद-आसनगावच्या मधे नागपूरहून येणारी दुरांतो रुळावरून घसरली. पावसाने दरडीची माती रुळावर आली होती. नशीब, जीवितहानी झाली नाही. पण कसाऱ्याची वाट बंद झाली आणि अख्खा तालुका हायवेवर येऊन जीपला लोंबकळू लागला. कर्जतच्या अंगाला २०१९च्या जुलैत बदलापूर-वांगणीमधे उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर माणसं बोटींनी काढली, ते तू टीव्हीवर पाहिलंस आणि मला मध्यरात्री फोन केलास. एकदा असं काही झालं की पर्यायी रूळच नसतो. गेल्या महिन्यातल्या धो-धो पावसात खाली ठाणे-सीएसएमटी बंद पडलं, तेव्हा इकडचे लोक कल्याणलाच अडकले.

आणि मग यंदाचा ९ जून. मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या, एक कसाऱ्याकडून येणारी, एक कर्जतला जाणारी आणि दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. दोन्ही गाड्यांची नावं बघ: कसारा आणि कर्जत. लांबच्या गावांची गाडी तासातासाने असते, म्हणून ती तिथूनच भरून निघते आणि डोंबिवली-ठाण्याची माणसंही तिच्यातच शिरतात. वर्तमानपत्रांतून लगेच सुरू झालं, लोक लटकतातच का, शिस्त नाही. रेल्वेने सांगितलं, यापुढच्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवू, बिनएसी गाडीतसुद्धा हवा येईल अशी रचना करू. दारं हवीतच. पण दार बंद झालं की बाहेर राहिलेल्यांना पुढची गाडी किती वेळाने, हा प्रश्न दाराने सुटत नाही. एसी लोकलचंही तसंच झालं होतं. २०२२च्या ऑगस्टमध्ये साध्या गाड्यांच्या जागी एसी आणल्या तेव्हा कळव्याला, बदलापूरला लोक रुळावर उतरले आणि वाढवलेल्या दहा फेऱ्या रेल्वेला मागे घ्याव्या लागल्या. लोकांना गारव्याचं वावडं नव्हतं. आपली नेहमीची गाडी गेली, हे त्यांना खुपलं.

एवढं सगळं मी तुला का सांगते आहे? कारण आमच्याकडे 'रेल्वे सुधारा' म्हणताना सगळे मुंबईकडे तोंड करून उभे राहतात. कल्याणच्या पुढच्या माणसाला रोज मुंबई हवी असते, असं गृहीतच धरलंय. खर्डीच्या मुलीला शहापूरच्या कॉलेजात जायचं असतं. आटगावच्या बाळंतिणीला कल्याणचा दवाखाना गाठायचा असतो. तुझा पुतण्या ऐरोलीला कामाला आहे. वेळापत्रक मात्र सकाळी माणसं मुंबईत ओतायची आणि संध्याकाळी परत आणायची, याच बेताने आखलेलं. दुपारच्या वेळी खर्डीला गाडी चुकली तर बस तासभर फलाटावर.

तुझ्या वहिनीबरोबर गणपतीच्या आधी मी कल्याणला पहाटेच्या गाडीने आले. मालडब्यात चढलो, कारण बायकांच्या डब्यात मुंगीला वाव नव्हता. डब्यात खर्डी-आटगावकडच्या ठाकर-कातकरी बाया. तेरड्याच्या मोळ्या, पत्रीची गाठोडी, करटोली नि कुर्डूच्या भाजीचे वाटे पळसाच्या पानात बांधलेले. एक म्हातारी मोळीवरच बसली होती आणि गाडीच्या हेलकाव्यात दूर्वांच्या जुड्या बांधत होती. बोटं चालायची, ओठ एकवीसपर्यंत पुटपुटायचे, दाताने दोरा तोडायची आणि जुडी टोपलीत. शहाड गेलं तशी एकीने दुसरीला हाक मारली, "ऊठ गं, कल्यान आला!" आणि गाडी पुरती थांबायच्या आत चार मोळ्या फलाटावर. गाडी थांबते तेवढ्यात उतरवायचं, नाहीतर माल ठाकुर्लीला जाणार. वहिनीने तिथेच फलाटावर दूर्वा घेतल्या. भाव डोंबिवलीच्या निम्माही नव्हता. आता प्रत्येक लोकलमधला मधला एक मालडबा ज्येष्ठ नागरिकांसाठी करायचं ठरलंय, काही गाड्यांत झालाही आहे. मीही ज्येष्ठच की. मला सीट मिळेल तर मी नको कशाला म्हणू? फक्त त्या म्हातारीने मोळी घेऊन कुठल्या डब्यात चढायचं, तीही ज्येष्ठच आहे ना, हे कोणीतरी ठरवायला हवं होतं.

इकडून मुंबईला काय काय जातं, त्यावरून एक गंमत. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मोडकसागर आहे. मुंबई पिते ते बहुतेक सगळं पाणी त्याच डोंगरांतून खाली येतं. एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकर लागतात. पाण्याला मुंबईला जायला खास वेगळ्या जलवाहिन्या आहेत, कुठल्या एक्स्प्रेससाठी त्याला थांबावं लागत नाही.

तू मागे तुमच्या इंग्लंडातल्या ओकहॅम्प्टनबद्दल लिहिलं होतंस, ते मी पुतण्याला वाचून दाखवलं. तुझ्या एक्झिटरहून तिथे जाणारी रोजची गाडी १९७२मध्ये बंद केली आणि २०२१च्या नोव्हेंबरात परत सुरू केली. आधी दोन तासांनी एक आणि पुढच्या मे महिन्यापासून तासाला एक. पहिल्याच वर्षात अडीच लाखांवर फेऱ्या झाल्या म्हणालीस. पुतण्या म्हणाला, "काकू, तिकडे गाडी माणसं शोधत जाते, इकडे माणसं गाडी शोधत जातात." मला ते पटलं आणि नाहीही पटलं. तिथली गोष्ट माणसांच्या संख्येची नाहीच. तासाला एक म्हणजे तासाला एक, सकाळी, दुपारी, रविवारी. माणसाला वेळापत्रक पाठ होतं, मग तो त्याच्या भरवशावर नोकरी धरतो, मुलीला लांबच्या कॉलेजात घालतो. आपल्याकडे रविवारी मेगाब्लॉक असतो आणि सोमवारी पुन्हा पहिला पाढा.

पुतण्या प्रवासी संघटनेत आहे. त्याच्याशी माझं एकच भांडण. मी म्हणते, कल्याण-कसारा आणि कल्याण-आसनगाव अशा छोट्या गाड्या अर्ध्या-अर्ध्या तासाने सोडा, सगळ्या सीएसएमटीपर्यंत कशाला न्यायच्या? तो भडकतो. म्हणतो, कल्याणला उतरून जिना चढायचा, दुसऱ्या फलाटावर जायचं आणि तिथे आधीच गच्च भरलेल्या गाडीत पाय ठेवायला जागा शोधायची, हे तुम्ही एकदा सकाळी आठला करून दाखवा. संघटनांना थेट मुंबई हवी ती यासाठीच. शिवाय कल्याणला गाडी उलटी फिरवायची तर तिने मधल्या रुळांना आडवं जावं लागतं, तेवढा वेळ मेल गाड्या थांबणार. म्हणून कल्याण यार्डाचं नूतनीकरण, लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचे मार्ग वेगळे करणं, हे आधी व्हायला हवं. ते मंजूर आहे. कल्याण-आसनगाव चौथी मार्गिकाही मंजूर आहे, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथीही, दोन्ही २०१९च्या एमयूटीपी तीन-अ या रेल्वे-योजनेतल्या. ठाण्याला न जाता कल्याणहून थेट नवी मुंबईला नेणारा ऐरोली-कळवा जोडमार्ग त्याच्याही आधीचा. त्यातलं दिघा गाव स्टेशन २०२४च्या जानेवारीत उघडलं, पण कळव्याकडचा पूल झोपड्यांच्या पुनर्वसनावर अडलाय. हा जोडमार्ग झाला असता तर तुझ्या पुतण्याचं ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरसाठी धावणं संपलं असतं. आपल्याकडे मंजूर गोष्टींची कधी ददात नसते.

मुरबाडचं विचारूच नकोस. कल्याण-मुरबाड रेल्वे, सुमारे २८ किलोमीटर, निम्मा खर्च राज्याने उचलायचा. मुरबाडच्या आजोबांनी ऐकली, बापाने ऐकली, आता नातू एसटीत उभा राहून ऐकतोय. दिवा-वसईचं तर आणखी विचित्र. रूळ आहेत, स्टेशनं आहेत, भिवंडीसारखं यंत्रमागांचं एवढं मोठं शहर त्यावर आहे आणि प्रवाशांसाठी दिवसभरात मेमूच्या मोजक्या फेऱ्या. बाकी सगळी मालगाड्यांची वर्दळ. नवे रूळ टाकायला पंधरा वर्षं लागत असतील, तर निदान असलेल्या रुळांवर गाडी सोडायला किती?

आता एक बायकी विषय, जो संघटनेच्या निवेदनात नेहमी शेवटी येतो. कसारा ते सीएसएमटी दोन-सव्वादोन तास, उशीर झाला तर अडीच-तीन. लोकलमध्ये शौचालय नसतं. तास-दीड तासाच्या शहरी प्रवासासाठी आखलेली गाडी ती. ती लांब लांब ताणत घाटाच्या पायथ्यापर्यंत नेली, पण आतली रचना तीच. माझ्यासारखी मधुमेहाची बाई आदल्या रात्रीपासून पाणी मोजून पिते. गाडीत बसलेल्या किती बायका पाणीच पीत नाहीत, विचारून बघ, खालच्या आवाजात सांगतील. गेल्या महिन्यात एका स्टेशनवर उतरले तर शौचालयाला कुलूप आणि चावी कोणाकडे ते कोणाला ठाऊक नाही. शेजारच्या हॉटेलवाल्याने सोय केली, देव त्याचं भलं करो. मेमू गाडीत शौचालय असतं आणि आपल्याकडे वरच्या तारांत सगळीकडे एकाच जातीची वीज झाल्याला आता दहा वर्षं होत आली. मग कल्याणपुढच्या निम्म्या फेऱ्या तरी मेमूच्या का नसाव्यात? पुतण्या म्हणतो, मेमूची दारं अरुंद, चढायला-उतरायला वेळ लागतो. असेल. पण कल्याणपुढे प्रत्येक स्टेशनात दादरसारखी झुंबड नसते. हा मुद्दा मी सोडणार नाहीये, पुढच्या बैठकीला मी स्वतः जाणार आहे.

तर तुझ्या दातांचं असं कर. जाऊन-येऊन नको. सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे राहा, डोंबिवलीहून ठाणे वीस-पंचवीस मिनिटं आणि गाड्यांना तोटा नाही. शनिवारी दुपारी वासिंदला जा, पण शनिवारीच, रविवारी ब्लॉक असला तर बोऱ्या वाजेल. टिटवाळ्याच्या गणपतीला जायचं असेल तर साधा मंगळवार बघ. ऑगस्टमधल्या अंगारकीला गेले होते, फलाटावरून बाहेर पडायलाच घामाघूम झाले. पास काढायचा तर फोनवर निघतो, मी काढून देईन. आणि भावाला सांग, चिडू नकोस, माहेर कुठे पळून जात नाही.

तुझी
सुमी

ता. क. : ओकहॅम्प्टनच्या स्टेशनात छापील वेळापत्रक लावलेलं असेल तर फोटो काढून पाठव. रविवारच्या गाड्यांचाही आला पाहिजे. पुतण्याला बैठकीत दाखवायचाय आणि तिथे कोणी म्हणालं की खेड्याकडे तासाला गाडी परवडत नाही, तर मलाही.